नस कापली म्हणजे नेमकं काय कापलं?

प्रश्न (एमबीबीएस, पहिलं वर्ष)

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. ऑक्टोबर छाटणीत कात्री निसटली आणि डाव्या मनगटात घुसली. ऑपरेशननंतर घरच्यांना एकच वाक्य सांगितलं गेलं, "नस कापली होती, जोडली." आता चार महिने झाले. बोटं मिटतात, पण अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट यांना गरम चहाचा पेलासुद्धा कळत नाही. मामा म्हणतात, नस नीट जोडलीच नाही. मी सध्या डिसेक्शन हॉलमध्ये (शवविच्छेदन कक्षात) मनगटच शिकते आहे आणि तिथे 'नस' नावाचं काही सापडत नाही. घरी समजावून सांगायला मराठीत कोणते शब्द वापरू?

हाताच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन, नाशिक रोड

बाळा, प्रश्न मोलाचा आहे. आपल्या बोलण्यात शीर आणि नस हे दोन शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींचा भार वाहतात. 'सलाईनला शीर सापडत नाही' यातली शीर अशुद्ध रक्ताची वाहिनी. 'कमरेत नस दबली' यातली नस म्हणजे मज्जातंतू. 'शीर तुटली, रक्ताची चिळकांडी उडाली' ही धमनी. आणि 'पायाची शीर आखडली' म्हणताना आपण स्नायू किंवा त्याच्या टोकाची दोरी धरलेली असते.

मनगटात हे सगळं दोन बोटांच्या रुंदीत दाटीवाटीने बसलेलं आहे. मधला मज्जातंतू आणि त्याला लागून जाणारी एक बारीक दोरी दिसायला इतकी सारखी, की दोरी समजून मज्जातंतूच काढला गेल्याच्या घटना शस्त्रक्रियेच्या लिखाणात नोंदलेल्या आहेत. तुझ्या मामांचा मज्जातंतू आणि बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, बहुधा दोन्ही कापल्या असाव्यात. दोऱ्या जुळल्या म्हणून बोटं मिटतात. मज्जातंतूचं वेगळं असतं. टाके घातले तरी कापल्या जागेच्या पुढचा भाग मरतो आणि धागे मनगटापासून नव्याने वाढत जातात, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 17-18 सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे किमान सहा महिने. हे न सांगता 'जोडली' म्हटलं की माणूस दुसऱ्याच दिवशी जाणीव येण्याची वाट बघतो.

मी 'नस' हा शब्द टाकून देत नाही, त्याला विशेषण जोडतो: रक्ताची नस, जाणिवेची नस, आणि तिसरी ती स्नायूची दोरी. संमतिपत्रावर सही घेण्याआधी चित्र काढून एवढे तीन शब्द सांगतो.

शारीर विषय शिकवणारी, पंचवटी

डॉक्टरसाहेब, विशेषणं आवडली, पण 'स्नायू'पाशी थोडं थांबते. सुश्रुतात, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या सुश्रुतसंहितेत, स्नायू म्हणजे बांधणारे दोर, संख्येने 900. ज्याला आज मराठीत स्नायू म्हणतात त्याला तिथे पेशी म्हटलं आहे, त्या 500. आणि तुमची दोरी म्हणजे कंडरा, त्या 16. आपल्याच गावात, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून बीएएमएस (आयुर्वेद) आणि एमबीबीएस दोन्हींच्या परीक्षा होतात, आणि एकाच शब्दाने दोन मुलं दोन वेगळ्या वस्तू दाखवतात.

मराठी विश्वकोशातले रोहिणी (धमनी) आणि नीला (शीर) हे शब्दही असेच घर बदलून आलेले आहेत. सुश्रुताने 700 सिरा चार रंगांत वाटल्या, प्रत्येकी 175: अरुण, नील, गौर आणि रोहिणी. तिथे नीला पित्ताची आणि रोहिणी रक्ताची. आज रोहिणी म्हणजे तांबडं रक्त नेणारी मानली, तर फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी अडचण करते, कारण तिच्यातलं रक्त काळपट असतं.

मला 'धमनी' जास्त भावतो. 'ध्मा' म्हणजे फुंकणे, लोहाराच्या भात्यासारखं. ग्रीकांचा शब्दही हवेशीच नातं सांगतो, कारण मेलेल्या शरीरात धमन्या बहुतेक रिकाम्या दिसतात. मुली, तुझ्या टेबलावर हे बघ. फॉर्मालिनमध्ये लाल-निळं काही उरत नाही, सगळं करडं होतं. तिथे बोटांनीच ओळखायचं: धमनी चिमटीत धरून सोडली तरी गोल राहते, शीर चपटी होते, मज्जातंतू भरीव लागतो, कंडरा चकाकते.

वाचक, सातपूर

आमची आजी पायामागच्या जाड दोरीला धोंडशीर म्हणायची. जुन्या मराठी बायबलमध्येही घोड्यांच्या धोंडशिरा तोडल्याचं वाचलं आहे. म्हणजे शीर हा शब्द दोरीसाठी पूर्वीपासून वापरात आहे, तो चुकीचा म्हणू नये.

सर्जन

मान्य, काका. चुकीचा नाही, अपुरा आहे. बाळा, एक करून बघ. मामांच्या बोटांच्या टोकांपासून मनगटाकडे हळूहळू टिचक्या मारत ये. जिथे पहिल्यांदा बोटांत मुंग्या उठतील, तिथवर मज्जातंतूचे धागे पोचलेत. तिथे पेनाने खूण कर. पंधरा दिवसांनी पुन्हा बघ.

प्रश्नकर्ती

सर, मॅडम, काका, मनापासून आभार. रविवारी गावी गेले. चित्र काढून 'जाणिवेची नस' सांगितली. मामांनी स्वतःच टिचक्या मारून पाहिल्या. मुंग्या बोटांच्या मुळाशी उठतात. तिथे त्यांनी निळ्या पेनाने रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली.