फुल थ्रस्ट (अंतराळ-जहाजांच्या लढाईचा, छोट्या प्रतिकृतींनी टेबलावर खेळायचा खेळ): कन्व्हेन्शनमध्ये सहा जणांचा डाव चार तासांत कसा बसवावा?

प्रश्न: टेबल 6 बाय 4 फूट, चौघे नवखे. माणशी किती जहाजं द्यावीत? दर फेरीला जहाजांचे हुकूम (वेग आणि वळण) लिहिण्यात फार वेळ जातो, त्यावर उपाय?

उत्तर १: माणशी दोन पुरे: एक क्रूझर, एक फ्रिगेट. फायटर आणि क्षेपणास्त्रं नकोतच, ती समजावण्यातच वेळ जातो. हुकुमांसाठी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवा. कागद कोरा राहिला, तर जहाज त्याच वेगानं सरळ जाणार, हे आधीच सांगून ठेवा.

उत्तर २: सुरुवातीचा वेग 6 इंच ठेवा. वेग पुढच्या फेरीतही कायम राहतो हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ते वाढवत सुटतात आणि जहाज थेट टेबलाबाहेर. वळणाला निम्माच थ्रस्ट (वेग किंवा दिशा बदलण्याची जहाजाची इंजिनशक्ती) वापरता येतो. थ्रस्ट 4 असेल तर घड्याळाच्या तबकडीवरचे दोन आकडे एवढंच वळता येतं: एक सुरुवातीला, दुसरा हालचालीच्या मध्यावर. सगळ्यात जास्त चुका या मध्यावरच्या वळणात होतात, पहिल्या फेरीत स्वतः शेजारी उभे राहा.

उत्तर ३: जहाजाच्या माहितीच्या तक्त्यावरच छापा: फाशावर 4-5 ला एक नुकसान, 6 ला दोन; दर 12 इंचांना बीमचा (किरणांच्या तोफेचा) एक फासा कमी. तक्ते प्लॅस्टिकच्या पाकिटात, सोबत पुसता येणारं मार्कर. अंतर प्रतिकृतीच्या स्टँडच्या दांड्यापासून मोजा, जहाजाच्या नाकापासून नाही.