घर तापवणारी फर्नेस पेटते आणि चार सेकंदांत विझते, काय करू?

हुरडापार्टी (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

मंडळी, जरा घाईत विचारतेय. आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. बाहेर उणे १३ फॅरेनहाइट, म्हणजे आपले उणे २५ सेल्सिअस. थर्मोस्टॅट ६९ वर आहे, घरात ६१ झालेत आणि उतरतायत. नवरा कामासाठी डॅलसला. सासू-सासरे सोलापूरहून आलेत. सासूबाई दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून बसल्यात आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, "तुमची भट्टी रुसली का गं?"

टेक्निशियन मंगळवारी येणार. आज रात्री यायचं तर नुसत्या येण्याचेच इतके पैसे सांगितले की मी फोन ठेवला.

बेसमेंटमध्ये उभी राहून बघितलं ते असं: आधी एक छोटा पंखा घरघरतो. मग आत काहीतरी लालकेशरी तापतं. मग भप्पकन निळ्या ज्वाळा. मोजलं, चार सेकंद. टक् असा आवाज, आणि सगळं विझतं. असं तीनदा होतं, मग गप्प. स्विच बंद-चालू केला की पुन्हा तेच नाटक.

थर्मोस्टॅटचे सेल बदलले. फिल्टर बदलला (जुन्याचा रंग सांगत नाही, लाज वाटते). शेगडी नीट पेटतेय, गॅसचा वास नाही.

टोरांटोकर (६:५२)

थर्मोस्टॅटच असणार. आमचा असाच गंडला होता, नवीन बसवला आणि प्रश्न मिटला.

वाफाळता_चहा (७:०५)

टोरांटोकर, थर्मोस्टॅट गंडला असता तर मुळात काही पेटलंच नसतं.

ताई, तुम्ही इतकं नीट बघितलंत की अर्धं काम झालंय. घरघरणारा पंखा म्हणजे जळलेला वायू बाहेर ओढणारा इंड्यूसर, तो चालतो. त्याची ओढ प्रेशर स्विचला कळतेय, म्हणून पुढचा टप्पा येतो. केशरी तापतो तो इग्नायटर, तोही ठणठणीत. गॅस सुटतो, पेटतो. अडतं कुठे? तर "पेटलंय" हे फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळत नाही. ते सांगायचं काम फ्लेम सेन्सरचं. ज्वाळेतून अगदी बारीक करंट जातो, मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका. सेन्सरच्या दांडीवर पांढुरका थर बसला की तेवढाही पोचत नाही. मग बोर्ड समजतो की गॅस न पेटताच सुटतोय, आणि व्हॉल्व्ह बंद करतो. तो घाबरट आहे तेच बरं.

आधी खात्री करा. फर्नेसच्या खालच्या दाराला छोटी काच असेल, त्यातून बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असतो.

हुरडापार्टी (७:१४)

मोजलं. कागदावर 'ज्वाळा आढळली नाही' अशा अर्थाचं आहे. मी स्वतः हात घालू का?

वाफाळता_चहा (७:२१)

घाला, पण आधी फर्नेसचा स्विच बंद आणि गॅसच्या पाइपवरची मूठ पाइपला काटकोनात, म्हणजे गॅस बंद. पेटली असेल तर पंधरा मिनिटं गार होऊ द्या. सेन्सर म्हणजे पेन्सिलीहून बारीक दांडी, बुडाशी पांढरं पोर्सेलिन, एकच वायर, एकच स्क्रू. तो बर्नरच्या रांगेच्या एका टोकाला असतो. इग्नायटर दुसऱ्या टोकाला, त्याला बोट लावायचं नाही, फार ठिसूळ असतो. दांडी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. सँडपेपर नको, चरे पडतात आणि थर आणखी लवकर धरतो.

मिशिगनकाका (७:३०)

एवढ्यात मी दोन शब्द. घराबाहेर भिंतीतून फर्नेसचे दोन पांढरे पाइप (हवा आत घेणारा आणि जळलेला वायू सोडणारा) निघाले असतील, तर तिथला बर्फही काढून ठेवा. आज नाही तर उद्या तेच दुखणं निघतं, मग प्रेशर स्विचचा कोड येतो. आणि गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर दुरुस्ती सोडून सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११. ऊब मिळावी म्हणून ओव्हन उघडा ठेवू नका. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, नळ बारीक सोडा, पाणी गोठून पाइप फुटला तर फर्नेस परवडली म्हणाल.

हुरडापार्टी (९:१०)

चालू!!! ६६ झालेत.

स्टील वूल घरात होतं ते साबणाचं. सासूबाईंनी त्यांच्या बॅगेतून कोरी तारेची घासणी काढली. "तिकडे मिळते का नाही म्हणून आणली." ती फार भरड, म्हणून शेवटी शेजाऱ्यांकडून बारीक वूल आणलं, त्या जरा हिरमुसल्या. सासऱ्यांनी मोबाइलचा टॉर्च धरला आणि पूर्णवेळ माझ्याच डोळ्यांत मारला. दांडीवर खरंच पांढुरकी पुटं होती. पहिल्यांदा पेटली तेव्हा आम्ही तिघं मोठ्याने आकडे मोजत होतो. चाराच्या पुढे गेली, मग तीसच्या आसपास मोठा पंखा सुरू झाला.

एकच शंका. पोर्सेलिनवर केसासारखी बारीक रेघ दिसली. भेग असेल का?

वाफाळता_चहा (९:१८)

असू शकते. करंट तिथून गळतो, मग कितीही घासा. मंगळवारची वेळ रद्द करू नका, सेन्सर नवीन टाकून घ्या. दाराच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आत्ताच फोनवर सांगून ठेवा, म्हणजे तो माणूस योग्य पार्ट घेऊनच येईल.