हँडहेल्ड स्टॅबिलायझरचा बॅलन्स जमत नाहीये, चालून थांबलं की कॅमेरा झुलतो

ढोलप्रेमी_कोथरूड
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. आमच्या पथकाचा सराव नदीपात्रात चालू झालाय आणि यंदा व्हिडिओचं काम माझ्याकडे आलंय. मोटरवाला गिंबल (कॅमेरा मोटरने आपोआप सरळ ठेवणारा) नाहीये, खाली वजनाच्या चकत्या लावायचा साधा स्टॅबिलायझर आहे, सेकंडहँड घेतलेला, वर मिररलेस आणि १८-५५ लेन्स. एका जागी उभं राहून धरला की सरळ दिसतो, पण ताशांपासून चालत ध्वजापर्यंत गेलो आणि थांबलो की कॅमेरा पुढे-मागे झुलत राहतो, आणि वळलो की फ्रेम तिरकी. मागे भिडे पूल असला की तिरकेपणा लगेच डोळ्यात खुपतो. विकणारा म्हणाला अजून वजन लाव, सगळ्या चकत्या लावून झाल्या, तरी तेच, वर हात भरून येतो तो वेगळाच. नक्की कुठे गडबड आहे?

शटर_पन्नास
दादा, चकत्या काढा, लावू नका. तुमचा स्टॅबिलायझर खालून जड झालाय, म्हणून उभा असताना छान सरळ वाटतो आणि तुम्ही वेग बदललात की झोक्यासारखा हलतो. जितकं खाली वजन जास्त तितका तो सरळ व्हायची घाई करतो, आणि ती घाईच व्हिडिओत दिसते.

आधी कॅमेरा शूटला जसा असणार तसाच तयार करा, म्हणजे बॅटरी, कार्ड, फिल्टर सगळं लावलेलं, लेन्स कॅप आणि पट्टा काढलेला, स्क्रीन उघडी ठेवणार असाल तर उघडी. झूम १८ वर ठेवा आणि नंतर हात लावू नका, कारण त्या लेन्सची नळी पुढे आली की सगळा तोल बदलतो. मग कॅमेरा बसवलेली वरची प्लेट आधी पुढे-मागे आणि नंतर डावीकडे-उजवीकडे सरकवून दांडा सरळ उभा राहील असं करा.

आता मुख्य गोष्ट, ड्रॉप टाइम. दांडा आडवा धरा, सोडा, आणि खालचं टोक सरळ खाली यायला किती वेळ लागतो ते मोजा. २ ते ३ सेकंद लागले पाहिजेत. तुमचा आत्ता सेकंदाच्या आतच येत असणार. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांची एकेक चकती काढा, परत सोडून बघा, थोडक्यासाठी दांड्याची लांबी कमी करा. आडवाच राहिला किंवा कॅमेराच खाली यायला लागला तर वर जड झालंय, थोडं मागे या.

आणि हे झालं की परत प्लेट बघावी लागते हां, इथेच लोक सोडून देतात. खाली जड असताना कॅमेरा २-३ मिलिमीटर बाजूला असला तरी वजन त्याला ओढून धरतं, ड्रॉप टाइम वाढला की तोच फरक चांगला तिरका दिसायला लागतो. तेव्हा बिघडलं म्हणून परत वजन वाढवू नका, प्लेट केसभर सरकवा. स्क्रू घट्ट करतानाही ती सरकते, म्हणून घट्ट केल्यावर बघा.

पेठेतला_कॅमेरा
वरचं सगळं बरोबर. भर एवढीच की उरलेल्या चकत्या खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना सारख्या लावा, मधे गोळा करू नका. वजन मध्यापासून लांब गेलं की कॅमेरा गर्रकन वळत नाही. गॅरेट ब्राऊनने सत्तरच्या दशकात स्टेडीकॅम काढला त्यातही गंमत हीच, कॅमेरा वर, बॅटरी आणि मॉनिटर खाली लांब, आणि धरायचं मधल्या गिंबलला, म्हणजे दांड्यावरच्या सगळीकडे फिरणाऱ्या सांध्याच्या मुठीला (हा मोटरवाला गिंबल नव्हे).

दुसरा हात काय करतो? बहुतेकांची पकड तिथे घट्ट असते. गिंबलच्या जवळ दांड्याला अंगठा आणि दोन बोटं नुसती टेकवायची, फक्त दिशा द्यायला. थांबायच्या आधी चाल हळू करत आणा आणि बोटांनी अलगद अडवा.

कर्वेनगरकर
एवढी खटपट करण्यापेक्षा मोटरवाला गिंबल घ्या की, आजकाल भाड्यानेही मिळतो.

शटर_पन्नास
@कर्वेनगरकर मिळतो, पण त्यालाही बॅलन्स करावंच लागतं, मोटर बंद ठेवून तिन्ही अक्षांवर. नाहीतर मोटर सतत ताकद लावत राहते, गरम होते, थरथरते. आणि चालताना जो वर-खाली हेलकावा येतो तो तीन अक्षांचा गिंबलही काढत नाही, तिथे गुडघे थोडे वाकवून टाच-चवडा असंच चालावं लागतं. हे अंगात बसलं तर कुठलंही यंत्र हातात द्या.

ढोलप्रेमी_कोथरूड
खूप आभार सगळ्यांचे! चकत्या कमी केल्या, ड्रॉप टाइम अडीचच्या आसपास आणला, थांबल्यावरचं झुलणं जवळजवळ गेलं, हातही हलका झाला. पण आता वारा आला की कॅमेरा आपोआप वळतो. शिवाय संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात फोकस मागे-पुढे पळतो, त्याचं काय?

पेठेतला_कॅमेरा
वाऱ्याचं तसं होणारच, बॅलन्स नीट झालाय म्हणूनच तो जरा धक्क्यालाही हलतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, म्हणून पश्चिमेला पाठ करून अंगाचा आडोसा द्या आणि शॉट शक्यतो पूर्वेकडे चालत घ्या. जोराचा वारा असेल तर तेवढ्यापुरती एक चकती वाढवली तरी चालेल. फोकस मॅन्युअल करा, १८ वर अ‍ॅपर्चर एफ ४ ठेवून चार मीटरवर लावला की साधारण दोन मीटरच्या पुढचं सगळं शार्प येतं. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद, म्हणजे दिवेही लुकलुकणार नाहीत. आणि खडकवासला धरणातून नदीत पाणी सोडल्याची बातमी आली की बॅगा आधी वर रस्त्यावर नेऊन ठेवा, बाकी नंतर.