घरगुती सौर यंत्रणेचे पैसे वसूल होण्याचा काळ: तीन दरपत्रके, तीन उत्तरे

गच्चीधारक (प्रश्न)

घराच्या गच्चीवर तीन किलोवॅट क्षमतेची, ग्रीडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेली आणि बॅटरी नसलेली सौर यंत्रणा बसवण्याचा विचार आहे. त्यासाठी तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवली. पॅनेल वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकूण किंमत तिघांचीही साधारण सारखीच निघाली. घातलेले पैसे वसूल होण्याचा काळ मात्र एकाने साडेचार वर्षे, दुसऱ्याने सहा वर्षे आणि तिसऱ्याने जवळजवळ दहा वर्षे सांगितला. गच्ची तीच आणि घरातला वीजवापरही तोच असताना उत्तरात दुपटीहून अधिक फरक का पडावा, हे मला उलगडलेले नाही.

आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे दिवसा घरात फारसे कोणी नसते आणि विजेचा बहुतेक वापर संध्याकाळनंतर होतो; याचा बचतीवर कितपत परिणाम होतो? दुसरे असे की, अनुदान चालू आहे तोवर यंत्रणा बसवून घ्यावी, की पॅनेलच्या किमती उतरत आहेत म्हणून आणखी काही वर्षे थांबावे?

ताळेबंद

तिघांपैकी कोणी खोटे सांगितले असेलच असे नाही. प्रत्येकाने गृहीत धरलेली गोष्ट वेगळी असावी, आणि ती कोणती हे दरपत्रकात लिहिलेले नसावे. पैशांऐवजी सगळा हिशेब विजेच्या युनिटांत मांडला तर कोणत्याही ठिकाणच्या दराला तो लागू पडेल, म्हणून तसाच मांडतो.

समजा, तुमच्या यंत्रणेची किंमत तुम्ही ग्रीडकडून विकत घेता त्या विजेच्या २४,००० युनिटांच्या किमतीएवढी आहे आणि ती वर्षाला ४,००० युनिट वीज निर्माण करते. तुमच्याकडे नेट मीटरिंग असेल, म्हणजे ग्रीडला दिलेले युनिट आणि ग्रीडकडून घेतलेले युनिट एकास एक वजा होत असतील, तर ४,००० युनिटांची पूर्ण किंमत वाचते आणि सहा वर्षांत पैसे वसूल होतात. त्याच यंत्रणेवर किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे अनुदान मिळाले तर तुमच्या खिशातून १८,००० युनिटांएवढी रक्कम जाते आणि हा काळ साडेचार वर्षांवर येतो.

आता तिसरी शक्यता पाहा. अनुदान नाही, आणि ग्रीडला दिलेल्या युनिटाला खरेदीदराच्या केवळ ४० टक्के मोबदला मिळतो. या पद्धतीला नेट बिलिंग म्हणतात. बॅटरी नसलेल्या घरात निर्माण झालेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्साच त्या त्या क्षणी घरात वापरला जातो, बाकीची बाहेर जाते. ३५ टक्के धरले तर १,४०० युनिटांची पूर्ण किंमत वाचते आणि उरलेल्या २,६०० युनिटांचे मोल १,०४० युनिटांएवढे भरते. वर्षाची बचत २,४४० युनिट, आणि २४,००० युनिट वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षे. तुमच्या तिन्ही दरपत्रकांचे आकडे असे एकाच यंत्रणेतून निघू शकतात.

त्यामुळे पहिला प्रश्न पॅनेल कोणत्या कंपनीचे हा नसून, तुमची वीज वितरण कंपनी बाहेर गेलेल्या युनिटाला काय देते आणि वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे काय करते, हा आहे. काही ठिकाणी ही शिल्लक नाममात्र दराने विकत घेतली जाते, तर काही ठिकाणी ती सरळ रद्द होते. अशा ठिकाणी गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणे म्हणजे जादा पॅनेलचे पैसे आपण देऊन वीज दुसऱ्याला वाटणे होय.

तुमच्या दिवसाच्या वापराच्या शंकेचे उत्तरही याच हिशेबात आहे. एकास एक नेट मीटरिंगमध्ये तुम्ही वीज दुपारी वापरली की रात्री, याने जवळजवळ काही बिघडत नाही, मात्र वेळेनुसार विजेचा दर बदलत असेल तर ते वेगळे पाहावे लागते. नेट बिलिंगमध्ये मात्र वेळेलाच किंमत आहे. पाणी तापवण्याचे यंत्र, कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप आणि विजेवरच्या गाडीचे चार्जिंग टायमर लावून उन्हाच्या तासांत आणले आणि घरातला थेट वापर ३५ वरून ५० टक्क्यांवर नेला, तर वर्षाची बचत २,४४० वरून २,८०० युनिटांवर जाते. त्यासाठी टायमरपलीकडे खर्च नाही.

बिलातील सगळी रक्कम वाचत नाही, हेही लक्षात असू द्या. स्थिर आकार यंत्रणा बसवल्यानंतरही चालूच राहतो. याउलट वापर वाढेल तसा दर वाढवणारी टप्प्यांची रचना असेल, तर सौरऊर्जेने कमी होणारे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात. त्यामुळे बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून हिशेब केल्यास बचत चुकीची निघते. मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवूनच हे गणित करावे.

किलोवॅट

वरील हिशेबातील ४,००० युनिट हा आकडा कुठून आला, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतील असते: प्रति चौरस मीटर १,००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. भर उन्हात गच्चीवरच्या पॅनेलचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते आणि २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे सिलिकॉन पॅनेलची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऐन दुपारी दहा-बारा टक्के वीज उष्णतेनेच कमी होते. ऊन जास्त तेवढी वीज जास्त हे खरे आहे, पण तापमान जास्त तेवढी वीज कमी, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उचलून बसवावेत.

धूळ, तारा आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) यांतील घट धरून चांगली यंत्रणा कागदावरील क्षमतेच्या ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास काम करते. जर्मनीसारख्या देशात एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण ९०० ते १,००० युनिट मिळतात. भरपूर उन्हाच्या प्रदेशात १,३०० ते १,६०० युनिटांची अपेक्षा ठेवता येते. एखाद्या दरपत्रकात यापेक्षा बरेच जास्त उत्पादन दाखवले असेल, तर ते कोणत्या आधारावर काढले ते लेखी विचारावे.

सावलीचा मुद्दा ग्राहक सर्वांत हलक्यात घेतात. एका ओळीतील पॅनेल एकसर, म्हणजे एकामागे एक अशा जोडणीत असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या झाडाची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी पूर्ण ओळीचा प्रवाह घटू शकतो. प्रत्येक पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट देणारे सुटे भाग) असतात आणि ते हे नुकसान मर्यादित ठेवतात, पण संपवत नाहीत. रोज काही तास सावली येणार असेल तर प्रत्येक पॅनेलचे काम स्वतंत्र ठेवणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर घ्यावा. सावली नसेल तर त्याच्यावर जादा पैसे घालवण्याचे कारण नाही.

आयुष्याबाबत सांगायचे तर पॅनेलची क्षमता वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याने उतरते आणि वीजनिर्मितीची हमी बहुधा २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर इतका टिकत नाही. दहा ते पंधरा वर्षांत एकदा तो बदलावा लागेल असे धरूनच हिशेब करावा. बहुतेक दरपत्रकांत हा खर्च नसतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे असल्यास ते आधी उरकून घ्यावे, कारण नंतर पॅनेल आणि सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च काही वर्षांची बचत खाऊन टाकतो.

आणखी एक. बॅटरी नसलेली ग्रीडशी जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते, बाहेर लख्ख ऊन असले तरीही. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दामच तसा बनवलेला असतो. वीज गेल्यावरही घर चालावे ही अपेक्षा असेल, तर तुम्ही मागवलेली दरपत्रके तुमच्या कामाची नाहीत.

धोरणवाचक

थांबावे की नाही, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: केवळ पॅनेल स्वस्त होतील म्हणून थांबू नये. जगात आजवर बनलेल्या पॅनेलचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की त्यांची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, हा अनेक दशकांचा अनुभव आहे. परंतु आज घरगुती यंत्रणेच्या एकूण खर्चात पॅनेलचा वाटा अर्ध्याहूनही कमी असतो. इन्व्हर्टर, सांगाडा, तारा, मजुरी, परवानग्या आणि विक्रेत्याचा नफा यांत बाकीचा पैसा जातो, आणि मजुरी काही दरवर्षी उतरत नाही. प्रोत्साहने मात्र सौरऊर्जा वाढली की आटतात, हा इतिहास आहे.

जर्मनीने २००० मध्ये कायदा करून ग्रीडला दिलेल्या विजेला २० वर्षे ठरावीक दर दिला. नव्याने येणाऱ्यांसाठी तो दर टप्प्याटप्प्याने उतरवत नेला आणि फेब्रुवारी २०२५ पासून नव्या यंत्रणांना बाजारातील विजेचा भाव शून्याखाली गेलेल्या काळात मोबदला देणे थांबवले. ब्रिटनची तशीच योजना एप्रिल २०१० मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१९ अखेर नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या अर्जांना नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंग लागू झाले. अमेरिकेतील घरमालकांना केंद्रीय आयकरात मिळणारी ३० टक्क्यांची सवलत २०२५ च्या अखेरीस संपली. या बहुतेक ठिकाणी आधी आलेल्यांना त्यांच्या वेळचे नियम ठरावीक वर्षे पाळून मिळाले. नेदरलँड्सने मात्र १ जानेवारी २०२७ पासून एकास एक वजावट जुन्या-नव्या सर्वांसाठी संपवण्याचा कायदा केला आहे. म्हणून आज मिळणारी अट किती वर्षांसाठी लेखी मिळते, हे अनुदानाच्या रकमेइतकेच काळजीपूर्वक वाचावे.

प्रोत्साहनाचे स्वरूपही पाहावे लागते. थेट अनुदान खर्च कमी करते, पण अनेकदा ते यंत्रणा चालू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. करसवलतीचा फायदा ज्याला तेवढा कर भरायचा आहे त्यालाच होतो. निवृत्त व्यक्तीला ३० टक्के सवलत कागदावरच राहू शकते. काही अनुदानांना क्षमतेची मर्यादा असते. भारतातील २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना जास्त आणि तिसऱ्याला कमी अनुदान मिळते, आणि तीन किलोवॅटच्या पुढे रक्कम वाढत नाही. अशा रचनेत चौथा किलोवॅट स्वतःच्या पूर्ण खर्चावर परवडतो का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

गच्चीधारक

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. वितरण कंपनीकडे चौकशी केली असता आमच्याकडे नेट बिलिंगच लागू होईल असे कळले, आणि अनुदान साधारण चौथ्या हिश्शाएवढे आहे. म्हणजे ताळेबंद यांच्या पद्धतीने १८,००० युनिटांचा खर्च आणि, टायमर लावले तर, वर्षाला २,८०० युनिटांची बचत, असा हिशेब साडेसहा वर्षांच्या आत बसतो. आता बॅटरी घ्यावी का आणि कर्ज काढावे का, एवढे दोनच निर्णय उरले आहेत. एका विक्रेत्याचे म्हणणे आहे की कर्जाचा हप्ता वाचलेल्या बिलातूनच जाईल.

ताळेबंद

हप्ता बिलातून जाईल की नाही, हे कर्जाच्या मुदतीवर ठरते. नऊ टक्के व्याज धरले तर १८,००० युनिटांच्या कर्जाचा हप्ता सात वर्षांच्या मुदतीत वर्षाला सुमारे ३,४८० युनिटांएवढा, तर दहा वर्षांच्या मुदतीत सुमारे २,७४० युनिटांएवढा पडतो. तुमची बचत २,८०० आहे. विक्रेता दहा वर्षांच्या कर्जाबद्दल बोलत असेल तर तो खरे बोलत आहे, पण मग एकूण परतफेड २७,४०० युनिटांएवढी होते आणि पहिली दहा वर्षे तुमच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. विजेचे दर वाढत गेले तर हप्ता स्थिर राहून बचत वाढते, हा कर्जदाराचा खरा फायदा आहे. तरीही दरवर्षी पाच टक्के दरवाढ गृहीत धरलेले तक्ते जपून वाचावेत. त्या वेगाने पंचविसाव्या वर्षी वीज आजच्या तिपटीहून महाग दाखवली जाते आणि एकूण बचतीचा मोठा आकडा त्या शेवटच्या वर्षांतून येतो. मी स्वतः पहिला हिशेब शून्य दरवाढीने करतो. त्यात यंत्रणा परवडली तर दरवाढ ही वरकड कमाई समजावी.

ठेवीत पडून असलेल्या पैशांवर कर्जाच्या व्याजापेक्षा कमी व्याज मिळत असेल, तर निदान अर्धी रक्कम स्वतःची घालावी असे मी सुचवेन. अडीअडचणीसाठी राखलेल्या पैशांना मात्र हात लावू नये.

किलोवॅट

बॅटरीचा हिशेब तुमच्या आकड्यांवरच करू. बाहेर गेलेल्या युनिटाला ०.४ युनिटाचे मोल मिळते. तेच युनिट बॅटरीत साठवून रात्री वापरले, तर साठवणुकीतील घट वजा जाऊन साधारण ०.८८ युनिट हाती येते. म्हणजे साठवलेल्या प्रत्येक युनिटामागे फायदा ०.४८ युनिट. वर्षातील ३०० दिवस रोज पाच युनिट साठवले तर वर्षाला ७२० आणि दहा वर्षांत ७,२०० युनिटांएवढी बचत होते. तुम्हाला मिळणाऱ्या पाच युनिटांच्या बॅटरीची किंमत, तिच्या हायब्रिड (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही जोडता येणाऱ्या) इन्व्हर्टरच्या जादा खर्चासह, यापेक्षा कमी असेल तरच ती पैशाने परवडते. एकास एक नेट मीटरिंग असते तर हाच फायदा उणे निघाला असता. वीज वारंवार जात असेल आणि त्यासाठी बॅटरी हवी असेल तर तो सोयीचा खर्च आहे, त्याला बचतीच्या तराजूत तोलू नये.

बॅटरी आत्ता घ्यायची नसली तरी हायब्रिड इन्व्हर्टरचा दर वेगळा मागून ठेवावा. दरातील फरक थोडा असेल तर तोच बसवावा, म्हणजे काही वर्षांनी बॅटरी जोडताना चालू स्थितीतला इन्व्हर्टर काढून टाकावा लागणार नाही.