शब्दचर्चा: 'ओबिडियन्स'ला 'आज्ञाधारकपणा' म्हणावं का?

संगममाहुली
साताऱ्यात मराठी माध्यमाच्या तृतीय वर्षाला सामाजिक मानसशास्त्र शिकवते. चाचणीत प्रश्न घातला होता : 'आज्ञाधारकपणावरील संशोधनाची बलस्थाने व मर्यादा लिहा.' तपासायला बसले, तर पहिल्याच गठ्ठ्यात अकरा जणांनी आज्ञाधारकपणाचीच बलस्थानं लिहिलेली. श्रावणबाळ आला, एकलव्याचा अंगठा आला, 'वडीलधाऱ्यांचे ऐकल्याने घरात शांतता नांदते' हेही आलं. मिलग्रॅमचं नावच नाही.

मुलांना दोष देववत नाही. शाळेपासून अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहीत आलोय, या शब्दाबरोबर शाबासकी येतेच. आणि स्टॅन्ली मिलग्रॅमनी येल विद्यापीठात १९६१ला काय सुरू केलं? ४० पुरुष, प्रत्येकाला काम एकच : पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून वाढता विजेचा झटका द्यायचा. खोट्या यंत्रावर १५ ते ४५० व्होल्टची ३० बटणं, पलीकडे भिंत बडवणारा माणूस. २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. जाताना घामाघूम झालेले, थरथरत, अडखळत बोलत. त्यांना 'आज्ञाधारक' म्हणताना माझी जीभ रेटत नाही. परवा नोट्स झेरॉक्सला द्यायच्यात. शब्द सुचवा.

हळदपेठ
आज्ञापालन. 'आज्ञाधारकपणा' हा स्वभाव झाला, 'पालन' ही कृती. मिलग्रॅमचा सगळा भर परिस्थितीवर आहे. सूचना देणारा खोलीत न थांबता फोनवरून बोलला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे २०.५ टक्क्यांवर आले. शेजारच्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी चारच उरले. एकेक गोष्ट बदलून आकडा कसा हलतो हे दाखवता आलं, हे या संशोधनाचं खरं बलस्थान. स्वभाववाचक शब्द वापरलात तर तेच झाकलं जातं.

विश्रामबाग
ओबिडियन्सच लिहा की. मुलं स्टेशन, टेबल, व्होल्ट म्हणतात, हाही म्हणतील. कॉम्प्लायन्स (विनंतीला मान देणं), कन्फर्मिटी (गटासारखं वागणं), ओबिडियन्स या तिघांना अनुपालन, अनुसरण, आज्ञापालन केलं की परीक्षेच्या आदल्या रात्री तिन्हींची खिचडी होते. क्लासमध्ये वर्षानुवर्षं हेच बघतोय.

हळदपेठ
खिचडी इंग्रजीतही होते. स्वतःच्या भाषेत विचार करायचाच नाही असं ठरवलं तर गोष्ट वेगळी. आपल्या लोकांनी अवघड शब्द पेलले आहेत. हिंदीवाले 'सविनय अवज्ञा' म्हणाले, आपण 'सविनय कायदेभंग' म्हणालो. १९३०ला बिळाशीची माणसं जंगल सत्याग्रहात उतरली (बिळाशी तेव्हा साताऱ्यातच), त्यांनी आज्ञा मोडली असं आपण म्हणत नाही, कायदा मोडला म्हणतो. आज्ञा माणसाची, कायदा सरकारचा, हा फरक ज्याने केला त्याला भाषा कळत होती.

माणदेशी
मी फौजेत एकवीस वर्षं काढली. आमचा शब्द हुकूम. 'आम्ही हुकमाचे ताबेदार' हे गावात सहज बोललं जातं, पण १९५०च्या लष्कर कायद्यातसुद्धा गुन्हा ठरतो तो कायदेशीर हुकूम मोडला तर. 'कायदेशीर' तिथं उगाच घातलेलं नाही. त्या प्रयोगातल्या माणसाला हुकूम द्यायचा अधिकार कुठला? अंगावर कोट होता एवढंच. याला हुकूम म्हणू नका.

संगममाहुली
माणदेशी, अगदी हेच एका विद्यार्थ्याने विचारलं, 'मॅडम, "कृपया पुढे चालू ठेवा" ही आज्ञा कशी?' प्रयोग घेणाऱ्याकडे, समोरचा कचरला की म्हणायची, चार ठरलेली वाक्यं होती. पहिलं हे, विनंतीचं. दुसरं, प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे. तिसरं, ते अत्यंत आवश्यक आहे. चौथं, तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, पुढे गेलंच पाहिजे. खरी आज्ञा चौथीच. जेरी बर्गरनी हा प्रयोग १५० व्होल्टला थांबवून पुन्हा केला, २००९ला प्रसिद्ध झाला. त्यात चौथं वाक्य ऐकायची वेळ ज्यांच्यावर आली त्यांतला एकही पुढे गेला नाही. आज्ञा झाली आणि पालन थांबलं! मग पहिल्या तीन वाक्यांना माणसं जे करत होती त्याला काय म्हणायचं? विज्ञानावरचा विश्वास? भीड?

मिरजेची सिस्टर
भीड. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काम केलं. आमच्याकडे शब्द 'ऑर्डर'. रात्री दोनला फोनवर ऑर्डर आली की कागदावर घ्यायची, परत वाचून दाखवायची, सकाळी सही घ्यायची. नवीन असताना एका डोसबद्दल मी 'सर, एवढा?' विचारलं तर पलीकडून फोन आपटला. हात गार पडले होते. तरी दिला नाही, सीनियर सिस्टरला उठवलं.

१९६६चा हॉफलिंगचा अभ्यास वाचला तेव्हा तो फोन आठवला. अनोळखी डॉक्टरचा फोन, औषध वीस मिलिग्रॅम, डबीवर लिहिलंय जास्तीत जास्त दहा. बावीसपैकी एकवीस नर्स द्यायला निघाल्या. पण १९७७ला ओळखीचं औषध ठेवलं आणि इतरांना विचारायची मुभा दिली तर अठरापैकी सोळा थांबल्या. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा फार कमी. मॅडम, नोट्समध्ये दोन्ही घाला.

हळदपेठ
सिस्टर, तुमच्याच कामाचा शब्द बघा. शुश्रूषा हे 'श्रु' धातूचं इच्छा दाखवणारं रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञेत राहणं, त्यावरून सेवा. इंग्रजी शब्दाच्या मागच्या लॅटिनमध्येही ऐकणंच आहे. आणि मराठीत 'माझं ऐक' म्हणजे कान दे आणि तसं कर, दोन्ही. मग 'ऐकणे' का नको? 'अधिकाराचं ऐकणे.'

विश्रामबाग
व्युत्पत्तीवर चालायचं तर 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर. महाराष्ट्रात कोण तसं वापरतं? सगळे पाठीमागे याच अर्थी वापरतात. मूळ काय होतं याने आजचा अर्थ ठरत नाही.

हळदपेठ
ती चूक आहे, रुळलेली चूक. मी 'परोक्ष'च लिहितो.

विश्रामबाग
आणि वाचणारा उलटं समजतो.

माणदेशी
'ऐकणे'ला माझं मत. बैल ऐकतो म्हणतात, आज्ञा पाळतो असं म्हणत नाहीत. कासऱ्याला हिसका न देता नुसत्या 'हॉ'वर वळला की ऐकणारा बैल. त्याला हुकूम लागत नाही, सवय लागते.

संगममाहुली
मथळ्यात 'ऐकणे' घातलं तर तपासणारे बाहेरचे परीक्षक काय म्हणतील याची धास्ती वाटते. तूर्त 'आज्ञापालनाचे प्रयोग : संशोधन म्हणून बलस्थाने व मर्यादा' केलंय. मर्यादांत फसवणूक आणि माणसांना दिलेला ताण आहे (डायना बाउमरिंडनी १९६४लाच हा आक्षेप घेतला), आणि झटके खोटे आहेत हे काहींनी ओळखलं असेल ही शंकाही.

पण लिहिताना दुसरीकडेच अडले. उरलेले १४ जण, ज्यांनी मध्येच हात काढून घेतला, त्यांना काय म्हणू? उद्धट, आडमुठा, हेकट, उर्मट, उलट उत्तरं देणारा. सुचेल तो शब्द शिवीच निघतोय.

मिरजेची सिस्टर
मला त्या रात्री 'शहाणी' म्हणाले होते. कुठल्या अर्थाने ते तुम्हाला कळेलच.

हळदपेठ
'अवज्ञाकारी' आहे.

माणदेशी
तो वर्गात मोठ्याने म्हणून बघा, मॅडम. चौदातला एक तरी डोळ्यांपुढे उभा राहतो का सांगा.