वैद्यिणीचं पात्र नव्याने काढतेय, लाल क्रॉसऐवजी काय?

शाईबोरू:
माझ्या कॉमिकमधली वैद्यीण 'सावरी' पुन्हा काढायला घेतलीय. जुनी म्हणजे पांढरा झगा, तळहातातून हिरवा उजेड, छातीवर लाल क्रॉस. कुठल्याही गेममध्ये खपून जाईल अशी! कथा डोंगराळ मुलखातली. ती जखम भरते तेव्हा थोडं दुखणं तिच्या अंगावर येतं. हे संवादाशिवाय दिसायला हवं. दोन सापांची काठी देऊ का?

घाटमाथा:
नको. दोन साप आणि पंख हा हर्मीसचा दंड. तो दूत आणि व्यापाऱ्यांचा देव. वैद्यकाचा अ‍ॅस्क्लेपियस, त्याच्या काठीला एकच साप. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये दोन सापवाली उचलली, घोळ आणखी वाढला. लाल क्रॉसही काढच, ते जिनिव्हा करारांनी संरक्षित चिन्ह आहे. आपल्याकडे १९६० चा कायदाच आहे त्यावर.

रानवाट:
बिब्बा वापर ना! तेल कातडीला लागलं की फोड येतात, तरी औषधात चालतो. धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्याच्याच रसाने, धुऊन जात नाहीत. तिची बोटं काळी कर आणि दर रुग्णागणिक डाग कोपराकडे सरकव.

शाईबोरू:
डाग घेतला! साडी हळदी पिवळी?

घाटमाथा:
काळा उठून दिसेल, पण लग्नघर आठवेल. मळकट नऊवारी दे, कमरेला जळवांचं मडकं. धन्वंतरीच्या हातातही जळू असतेच. आणि तो हिरवा उजेड घालव, बाई.