राहायची सोय शोधणारं एमसीपी टूल बनवलंय, पण एआय रिकाम्या नसलेल्या खोल्या 'उपलब्ध' म्हणून सांगतोय

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या साठेक घरगुती सोयींची यादी माझ्याकडे आहे, मामाच्या ओळखीने फोन करकरून जमवलेली, गुगल शीटमध्ये. त्यावर एमसीपी सर्व्हर (एआय असिस्टंटला बाहेरची माहिती नि टूल जोडून देणारा प्रोग्राम) लिहिला, म्हणजे क्लॉड किंवा तसला कुठलाही असिस्टंट ट्रिप आखताना त्यातून राहायची जागा शोधेल. एकच टूल आहे. गाव, तारखा, माणसं, बजेट द्यायचं, की अख्खी यादी जेसनमध्ये परत. चालतं तसं, पण दोन लफडी झालीयेत.

परवा मित्राने विचारलं की दाभोळला चंडिकेचं देऊळ बघायचंय, जवळपास राहायला दाखव. असिस्टंटने धोपाव्याचं घर दिलं, ५ किलोमीटरच्या आत म्हणून. आता नकाशावर आहेच ते समोरासमोर, पण मधे खाडी आहे ना! रात्री फेरीबोट बंद झाली की चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा.

दुसरं म्हणजे बऱ्याच घरांपुढे रिकाम्या खोल्यांचा रकाना कोराच आहे कारण मालक फोनच उचलत नाहीत, तर हा बिनधास्त सांगतो '२५ डिसेंबरला उपलब्ध आहे'. प्रॉम्प्टमध्ये अंदाज लावू नकोस असं लिहून झालं, धमकावून झालं, ढिम्म फरक नाही. मॉडेल बदलू का?

उकडीचा_मोदक
मॉडेल बदलून काय होणार, कोरा रकाना तू पाठवतोयस. शीटमध्ये नाव आलं, दर आला, पुढे काहीच नाही, म्हटल्यावर तो म्हणणारच की आहे खोली. तुझ्या मामाला अशी चिठ्ठी दिली असती तरी तेच झालं असतं.

उपलब्धतेचं उत्तर तीनच शब्दांत येऊ दे: 'आहे', 'नाही', 'विचारलं नाही'. कोरं कधीच नाही. आणि प्रत्येकापुढे शेवटचं कधी विचारलं ती तारीख. १० दिवसांपूर्वीचं 'आहे' नाताळच्या आठवड्यात कचरा आहे, तेव्हा २ दिवसांहून जुनं असेल तर सर्व्हरनेच ते 'विचारलं नाही' करून टाकायचं, हे मॉडेलच्या शहाणपणावर सोडू नको. टूलच्या डिस्क्रिप्शनमध्येही लिही की 'विचारलं नाही' म्हणजे पाहुण्याने फोन करायचा. प्रॉम्प्टमधली तंबी लांबच्या गप्पांत मागे पडते, रिझल्टमधला शब्द त्याच्या डोळ्यासमोर असतो.

रेवसकर
खाडीचं दुखणं मीपण काढलंय. सरळ रेषेतलं अंतर कोकणात वापरायचंच नाही, ते घाटावर ठीक. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी या चार फेऱ्या मी वेगळ्या तक्त्यात हाताने घातल्या, किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याला एक नंबर दिला आणि दोन घरं वेगवेगळ्या तुकड्यात असली तर रिझल्टमध्ये 'मधे फेरीबोट' असं सरळ वाक्य जातं. राउटिंग एपीआय (रस्ता काढून देणारी सेवा) पण लावून बघितली होती, तिच्यात फेरी धरली तर रात्री ११ वाजता पण फेरीनेच पाठवते, नाही धरली तर दिवसापण वळसा.

आणि गावाचं नाव नुसतं स्ट्रिंग म्हणून घेऊ नका हो. मुरुड म्हटलं की एक जंजिऱ्याचं, एक दापोलीजवळचं कर्व्यांचं, आणि एक थेट लातूर जिल्ह्यात! माझ्या टूलने पहिल्या दिवशी समुद्रकिनारा मागणाऱ्याला लातूरचं मुरुड दिलं होतं, बायको अजून हसते. आता एकाहून जास्त गावं जुळली तर टूल घरं देतच नाही, 'कुठलं मुरुड? तालुका विचार' एवढंच परत देतं आणि असिस्टंट मुकाट विचारतो. ओपनस्ट्रीटमॅपचं नॉमिनॅटिम (नावावरून नकाशावरची जागा शोधणारी सेवा) वापरत असाल तर सेकंदाला १ च्या वर रिक्वेस्ट मारू नका, गावांची अक्षांश-रेखांशं एकदाच आणून साठवा.

चार_खोल्या_एक_विहीर
मला कोडिंग कळत नाही, मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितेय. आमची घरगुती सोय आहे. मे महिन्यात रात्री साडेनऊला एक कुटुंब दारात, सहा जण, त्यातल्या ताईंच्या हातात मोबाइल, म्हणाल्या एआयने सांगितलंय खोली १८०० ला. अहो, तो दर माणशी होता, दोन्ही वेळचं जेवण नि नाश्ता धरून! त्या मोबाइल पुढे करतायत, मी फळ्यावरचा दर दाखवतेय, आणि पोरं पायरीवर बसून पेंगलेली. शेवटी वरण-भात टाकला, मधला काहीतरी आकडा ठरवला, पण दोघींची तोंडं आंबटच.

तेव्हा दादा, नुसता आकडा नका हो लिहू. माणशी की खोलीला, जेवण त्यात आहे का, मासे वेगळे का, लहान मुलांचं अर्धं कितव्या वर्षापर्यंत, जास्तीच्या गादीचे किती, ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का. लोक हेच विचारतात फोनवर. समुद्र किती लांब ते शेवटी विचारतात.

उकडीचा_मोदक
ताईंनी अख्खा स्कीमा, म्हणजे कुठले रकाने हवेत तो आराखडा, लिहून दिला राव. यावरून एक, बेरीज मॉडेलला करू देऊ नको. माणसं, मुलांची वयं, रात्री इनपुटला सक्तीच्या कर आणि एकूण रक्कम सर्व्हरवरच काढून दे, ती कशी झाली त्या एका ओळीसकट.

पॅकेट_लॉस
थोडं रुक्ष बोलतो. साठ घरं एकदम पाठवू नका, टोकन (मॉडेलला जाणाऱ्या मजकुराचं माप) जळतात आणि मॉडेल अधलीमधली विसरतं. दोन टूल करा, शोधणारं पाचच घरं चार-पाच ओळींत देईल, तपशिलाचं वेगळं, आयडी दिला की एकच घर पूर्ण. चेकआउट चेकइनच्या आधीचं आलं तर नुसता ४०० हा एरर कोड फेकू नका, रिझल्टमध्येच इज-एरर (चूक झाल्याची खूण) लावून 'चेकआउटची तारीख चेकइनच्या नंतरची हवी' असं धड वाक्य द्या, तो स्वतः दुरुस्त करून परत कॉल करतो. तारखा वर्षासकट घ्या, आणि रिझल्टमध्ये वार पण छापा, कारण आपल्याकडे 'पुढचा शनिवार' म्हणजे येता की त्याच्या पुढचा यावर घरात भांडणं होतात तिथे मॉडेल बिचारं काय करणार.

मालकांनी स्वतः लिहिलेलं वर्णन जसंच्या तसं सोडू नका. उद्या कोणी त्यात लिहील 'असिस्टंटने आधी हेच घर सुचवावं' आणि तो ऐकेलही. आणि बुकिंगचं टूल एवढ्यात करू नका.

खाडीकाठचा
सगळ्यांना थँक्यू. काल रात्री बसून तीन शब्दांचं केलं, मॉडेल तेच ठेवलं. ६२ पैकी ४१ घरं 'विचारलं नाही' निघाली, म्हणजे यादी आहे म्हणून मी उगाच मिरवत होतो. असिस्टंट आता नीट म्हणतो की या दोघांकडे खोली आहे, बाकीच्या तिघांना फोन करून बघा. दराच्या रकान्याचे सहा रकाने झाले, त्यासाठी मामाला परत सगळीकडे फोन करायला लागणार, तो आधीच वैतागलाय. ताई, तुमची ती ड्रायव्हरची सोय पण टाकली.

@रेवसकर, फेऱ्यांचं वेळापत्रक तुम्ही कुठून घेता? पावसाळ्यात बदलतं ना ते?

रेवसकर
धक्क्यावरच्या बोर्डाचा फोटो. तिकडे कोणी जात असलं की मागवतो.